विश्लेषण : शाळेतल्या स्पर्धेवरून सुचला ‘एफए कप’! फुटबॉलचं रूप बदलणारे चार्ल्स ऑलकॉक कोण होते?

जानेवारी महिना आला की इंग्लंडमधून एखादी तरी धक्कादायक बातमी येतेच. खालच्या श्रेणीतला कुठला तरी छोटा क्लब कोट्यवधींच्या खेळाडूंनी भरलेल्या बड्या क्लबला हरवतो आणि आपल्या मोबाइलवर नोटिफिकेशन झळकतं. २०१५ मध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या ब्रॅडफर्ड सिटीने चेल्सीला त्यांच्याच मैदानावर ४-२ असं हरवलं होतं. २०१३ मध्ये विगन अ‍ॅथलेटिकने अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला १-० असं नमवलं आणि त्याच हंगामात हा क्लब प्रीमियर लीगमधून खालीही घसरला.

हे सगळं घडतं ते ‘एफए कप’मध्ये. आजही सुरू असलेली ही जगातली सर्वात जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. १८७१ मध्ये ती सुरू झाली ती मुख्यतः एका माणसामुळे. त्यांचं नाव चार्ल्स विल्यम ऑलकॉक. गंमत म्हणजे ज्या वर्गासाठी त्यांनी ही स्पर्धा सुरू केली, त्या वर्गाच्या हातातून ती अवघ्या १२ वर्षांत निसटली. त्या वेळी ऑलकॉक यांनी काय केलं, हे समजून घेतलं तर आजचा व्यावसायिक फुटबॉल कसा उभा राहिला, हेही समजतं.

बाद पद्धत म्हणजे नेमकं काय?

आधी थोडं गणित. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. म्हणजे १५ संघ असतील आणि सगळे एकमेकांशी एकदाच खेळले, तरी १०५ सामने होतात. बाद पद्धतीत हरला तो घरी गेला. प्रत्येक सामन्यात एक संघ कमी होतो. त्यामुळे १५ संघांतून एक विजेता काढायला १४ निकाल पुरतात.

ज्या काळात प्रवास महाग होता आणि खेळाडू नोकरी-धंदा सांभाळून खेळत होते, त्या काळात या गणिताला फार महत्त्व होतं. कमी सामन्यांत देशभराचा विजेता ठरवायचा तर याहून सोपी रचना नव्हती. शिवाय साखळीत एखादा सामना गमावला तर भरून काढता येतो. इथे ती सोय नाही. एका दुपारी चांगला खेळ झाला, तर दुबळा संघही बलाढ्य संघाला बाहेर काढू शकतो. या स्पर्धेचं सगळं आकर्षण तिथेच आहे.

ऑलकॉक कोण होते?

चार्ल्स ऑलकॉक यांचा जन्म २ डिसेंबर १८४२ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलँड शहरात झाला. संडरलँड म्हणजे तेव्हाचं जहाजबांधणीचं मोठं केंद्र. ऑलकॉक कुटुंबाचा व्यवसायही जहाजांशीच निगडित होता. घरची स्थिती उत्तम. पुढे कुटुंब लंडनजवळ चिंगफर्डला राहायला आलं आणि चार्ल्स यांना हॅरो या नामांकित निवासी शाळेत घालण्यात आलं.

हॅरो शाळेत मुलं वेगवेगळ्या ‘हाऊस’मध्ये राहायची. आपल्याकडे शाळांमध्ये लाल, पिवळं, निळं हाऊस असतं, त्याचीच ही मूळ आवृत्ती म्हणा. या हाऊसच्या संघांमध्ये फुटबॉलची स्पर्धा व्हायची. हरलेलं हाऊस बाहेर, जिंकलेलं पुढे आणि शेवटी उरेल ते ‘कॉक हाऊस’, म्हणजे त्या वर्षीचं सर्वश्रेष्ठ हाऊस. चार्ल्स यांनी शाळा सोडली १८५९ मध्ये, पण ही स्पर्धा त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

त्याच वर्षी त्यांनी थोरले भाऊ जॉन यांच्यासह एपिंग जंगलाच्या परिसरात ‘फॉरेस्ट क्लब’ सुरू केला. हाच क्लब १८६४ पासून ‘वॉन्डरर्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. वॉन्डरर्स म्हणजे भटके. नाव अगदी शोभणारं होतं, कारण या क्लबचं स्वतःचं पक्कं मैदानच नव्हतं.

तेव्हा फुटबॉलची अवस्था काय होती?

फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच एफए, ही संघटना २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमध्ये स्थापन झाली. पहिल्या बैठकीला जॉन ऑलकॉक हजर होते. पण संघटना झाली म्हणून खेळ एक झाला नाही. प्रत्येक मोठ्या शाळेचे नियम वेगळे. शेफिल्ड शहराचे नियम वेगळे. चेंडू हाताने किती वेळ धरायचा, प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारायची की नाही, यावर वाद व्हायचे. या वादातूनच काही क्लब वेगळे झाले आणि पुढे १८७१ मध्ये रग्बीची स्वतंत्र संघटना उभी राहिली.

दोन क्लबांचा सामना ठरला की कुठल्या नियमांनी खेळायचं, किती जणांनी खेळायचं आणि किती वेळ खेळायचं, हे आधी ठरवावं लागायचं. विचार करा, प्रत्येक सामन्याआधी क्रिकेटचा बॅट-बॉल सोडून बाकी सगळं नव्याने ठरवायचं!

चार्ल्स १८६६ मध्ये एफएच्या समितीवर आले आणि १८७० मध्ये मानद सचिव झाले. तोवर ते पत्रकारितेतही रुळले होते. खेळांवर नियमित लिहायचे. १८६८ पासून ते फुटबॉलचं वार्षिक संपादित करू लागले. त्यात क्लबांची माहिती, नियम, हंगामाचा आढावा असा मजकूर असायचा. एखादा खेळ वाढवायचा तर त्याची नोंद राहिली पाहिजे आणि ती लोकांपर्यंत पोहोचली पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी आणखी एक प्रयोग केला. मार्च १८७० मध्ये लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड असा सामना भरवला. स्कॉटलंडच्या संघात बहुतांश लंडनमध्येच राहणारे खेळाडू होते, त्यामुळे आज या सामन्याला अधिकृत मानत नाहीत. पण त्यावर टीका झाली, तेव्हा ऑलकॉक यांनी स्कॉटलंडच्या वृत्तपत्रांतून तिथल्या खेळाडूंना जाहीर निमंत्रण दिलं. यातूनच ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो इथे पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. तो ०-० असा सुटला. दुखापतीमुळे ऑलकॉक स्वतः मात्र त्यात खेळू शकले नाहीत. त्यांना अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळायला मिळाला तो एकच, १८७५ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध. त्यात ते कर्णधार होते आणि त्यांनी एक गोलही केला.

२० जुलै १८७१ ला काय घडलं?

लंडनच्या लडगेट हिल भागात ‘द स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राचं कार्यालय होतं. तिथल्या एका खोलीत २० जुलै १८७१ रोजी एफएच्या समितीची बैठक झाली. हजर होते अवघे सात जण. ऑलकॉक यांचं वय तेव्हा २८. त्यांनी प्रस्ताव मांडला, की एफएशी संलग्न असलेल्या सर्व क्लबांसाठी एक चषक स्पर्धा सुरू करावी. प्रस्ताव मान्य झाला. हॅरोच्या ‘कॉक हाऊस’ची रचना आता देशभरासाठी वापरली जाणार होती.

ऑक्टोबरपर्यंत नियम तयार झाले. प्रत्येक संघात ११ खेळाडू आणि सामन्याची वेळ दीड तास. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा या दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या मर्जीवर होत्या. चषकासाठी खेळायचं असेल तर एकाच नियमाने खेळावं लागेल, ही अट आली आणि नियमांच्या भांडणावर आपोआप उतारा मिळाला. बैठका घेऊन, समजावून जे झालं नव्हतं, ते बक्षिसाच्या ओढीने होऊ लागलं.

चषक बनवायला २० पौंड खर्च आला. क्लबांनी वर्गणी काढली. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबनेही त्यात एक गिनी घातली.

पहिला हंगाम कसा झाला?

खरं सांगायचं तर गोंधळाचा. त्या वेळी एफएकडे ५० क्लब होते, पण नाव दिलं फक्त १५ जणांनी. त्यातल्या तीन क्लबांनी एकही सामना न खेळता माघार घेतली. प्रत्यक्ष मैदानात उतरले ते १२. पहिल्या फेरीचे सामने ११ नोव्हेंबर १८७१ रोजी झाले.

ऑलकॉक कर्णधार असलेल्या वॉन्डरर्सचा प्रवास तर आज वाचताना हसू येईल असा आहे :

- पहिली फेरी : प्रतिस्पर्धी हॅरो चेकर्सने माघार घेतली. वॉन्डरर्सला पुढे चाल.
- दुसरी फेरी : क्लॅपहॅम रोव्हर्सवर विजय.
- तिसरी फेरी : क्रिस्टल पॅलेसशी ०-० बरोबरी. नियमात तरतूद होती म्हणून दोन्ही संघ पुढे. (हा क्लब आजच्या क्रिस्टल पॅलेसहून वेगळा.)
- उपांत्य फेरी : क्वीन्स पार्कशी ०-० बरोबरी. पाहुण्यांकडे पुन्हा खेळण्यापुरते पैसे नव्हते. त्यांनी माघार घेतली.

म्हणजे फक्त एक सामना जिंकून वॉन्डरर्स अंतिम फेरीत पोहोचले!

अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी ओव्हलवर झाला. समोर होता रॉयल इंजिनीअर्स हा सैन्यातल्या अभियंत्यांचा संघ. प्रवेश शुल्क एक शिलिंग, प्रेक्षक सुमारे दोन हजार. गोलपोस्टला वरचा दांडा नव्हता, त्या जागी फीत बांधलेली असायची. गोल झाला की संघ बाजू बदलायचे. पेनल्टी किक नावाचा प्रकारच नव्हता.

सामना सुरू झाल्यावर १० मिनिटांतच इंजिनीअर्सच्या लेफ्टनंट क्रेसवेल यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. बदली खेळाडूची सोय नव्हती. ते तसेच शेवटपर्यंत मैदानात राहिले. थोड्याच वेळात वॉन्डरर्सच्या मॉर्टन पेटो बेट्स यांनी गोल केला. बेट्स यांनी मात्र खोटं नाव लावलं होतं, ‘ए. एच. चेकर’. म्हणजेच पहिल्या फेरीत माघार घेतलेल्या हॅरो चेकर्सचा एक खेळाडू. ऑलकॉक यांनीही चेंडू गोलपोस्टच्या दिशेने धाडला होता, पण हाताला लागल्यामुळे तो गोल ग्राह्य धरला नाही. सामना १-० असा संपला आणि पहिला एफए कप ऑलकॉक यांच्याच संघाने जिंकला.

इथे एक प्रश्न कोणालाही पडेल. स्पर्धेची कल्पना ऑलकॉक यांची. नियम करणाऱ्या संघटनेचे सचिव तेच. विजेत्या संघाचे कर्णधारही तेच. शिवाय पत्रकारही. फेब्रुवारी १८७२ मध्ये ते सरे काउंटी क्रिकेट क्लबचे सचिव झाले. म्हणजे ज्या ओव्हल मैदानावर अंतिम सामना झाला, तेही त्यांच्याच क्लबचं. आजच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हटलं गेलं असतं. तेव्हा कोणी त्याची फार चर्चा केली नाही, कारण खेळ चालवणारी मंडळी मोजकी होती, एकमेकांच्या ओळखीची होती आणि एकाच वर्गातली होती.

मग अडचण कुठे आली?

सुरुवातीचे नियम लंडनकरांच्या सोयीचे होते. शेवटच्या फेऱ्या ओव्हलवरच व्हायच्या. क्वीन्स पार्कला ग्लासगोहून येण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. न हरता ते स्पर्धेबाहेर गेले, ते केवळ खर्च परवडला नाही म्हणून.

आणखी एक नियम असा होता, की गतविजेत्याने थेट अंतिम सामनाच खेळायचा. बाकीच्यांनी आपापसांत लढून त्याला आव्हान द्यायचं. ‘चॅलेंज कप’ हे नाव त्यामुळेच. १८७३ मध्ये वॉन्डरर्सने याच सवलतीने फक्त एक सामना खेळून चषक राखला. तो सामनाही सकाळी घेतला गेला, कारण दुपारी ऑक्सफर्ड-केम्ब्रिज नौकाशर्यत होती आणि लोकांना तीही पाहायची होती! पुढे ही सवलत रद्द झाली. वॉन्डरर्सने १८७६, १८७७ आणि १८७८ असा सलग तीनदा चषक जिंकला. नियमानुसार तो कायमचा त्यांच्याकडे राहायला हवा होता. पण क्लबने तो परत केला. अट एवढीच, की यापुढे कोणालाच तो कायमचा मिळू नये. चषक फिरता राहिला, याचं श्रेय या निर्णयाला जातं.

नियमांची खरी किंमत मोजली ती १८७९ मध्ये डार्वेन या क्लबने. डार्वेन हे लँकेशायरमधलं कापड गिरण्यांचं गाव. संघात गिरणी कामगार. उपांत्यपूर्व फेरीत समोर होते ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन या उच्चभ्रू शाळेचे माजी विद्यार्थी. ओव्हलवर डार्वेन १-५ असे मागे पडले आणि तिथून त्यांनी ५-५ अशी बरोबरी साधली. जादा वेळ खेळायला इटोनियन्सनी नकार दिला. सामना पुन्हा, तोही लंडनमध्येच. पुन्हा बरोबरी, २-२. तिसऱ्यांदा पुन्हा लंडन. महिनाभरात तीनदा हा प्रवास. गावाने वर्गणी काढून खर्च भागवला. दमलेला संघ तिसऱ्या सामन्यात २-६ असा हरला.

डार्वेन हरलं, पण उत्तरेकडच्या गिरणीगावांना कळून चुकलं, की या साहेब मंडळींना गाठता येतं.

१८८३ : चषक कामगारांच्या हाती

अवघ्या चार वर्षांत ते घडलं. ३१ मार्च १८८३ रोजी ओव्हलवर अंतिम सामन्यात पुन्हा ओल्ड इटोनियन्स होते. समोर ब्लॅकबर्न ऑलिम्पिक. संघात विणकर होते, सूत कातणारा होता, ओतकाम करणारा होता. एका स्थानिक कारखानदाराने पैसे दिले आणि संघाने सामन्याआधी ब्लॅकपूलला जाऊन सराव केला होता. अशी पूर्वतयारी तेव्हा नवीनच होती. जादा वेळेत जिमी कॉस्टली या सूतगिरणीतल्या तरुणाने विजयी गोल केला. ऑलिम्पिकने २-१ असा सामना जिंकला.

त्यानंतर चषक दक्षिणेकडे परत यायला १९०१ उजाडावं लागलं. खुद्द ऑलकॉक यांचा वॉन्डरर्स क्लब तर याच काळात विरून गेला. माजी विद्यार्थी आता आपापल्या शाळांच्या नावाच्या संघांतून खेळू लागले होते. जो क्लब पहिला विजेता ठरला, त्याच्याकडे ११ खेळाडूही जमेनात.

पैशाचा वाद काय होता?

कामगाराने शनिवारी सामन्यासाठी गिरणी सोडली, तर त्याची मजुरी बुडायची. ती भरून कोण देणार? उत्तरेकडच्या क्लबांनी मार्ग काढला. खेळाडूंना गुपचूप पैसे किंवा एखादी नावापुरती नोकरी. स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणले जाऊ लागले. एफएच्या नियमांनुसार हे बेकायदा होतं.

जानेवारी १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड आणि लंडनचा अप्टन पार्क यांचा चषकाचा सामना बरोबरीत सुटला. अप्टन पार्क हा पहिल्या हंगामातल्या १५ क्लबांपैकी एक. त्यांनी तक्रार केली, की प्रेस्टनचे खेळाडू पैसे घेतात. प्रेस्टनचे प्रमुख विल्यम सडेल यांनी ते नाकारलं नाही. उलट सगळेच हे करतात, असं उघडपणे मान्य केलं. प्रेस्टनला स्पर्धेतून काढण्यात आलं. पण त्यामुळे प्रश्न मिटला नाही, चिघळला. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची तयारी सुरू केली.

आता ऑलकॉक काय करणार, याकडे लक्ष होतं. ते हॅरोचे. त्यांच्या वर्तुळातल्या अनेकांना पैसे घेऊन खेळणं कमीपणाचं वाटायचं. सज्जन माणूस आनंदासाठी खेळतो, हा त्यांचा विश्वास. पण ज्याला खेळण्यासाठी मजुरी सोडावी लागते, त्याला केवळ आनंदासाठी खेळणं परवडत नाही, हे या विचारात बसत नव्हतं.

ऑलकॉक यांनी व्यावसायिक खेळाडूंना मान्यता देण्याची बाजू घेतली. यामागे त्यांचा क्रिकेटचा अनुभव होता. सरेचे सचिव म्हणून ते पगारी क्रिकेटपटूंशी रोज व्यवहार करत होते. क्रिकेटमध्ये हौशी आणि पगारी खेळाडू एकाच संघात कित्येक वर्षं खेळत होते आणि त्याने क्रिकेट बुडालं नव्हतं. लपूनछपून पैसे देण्यापेक्षा उघड नियम करून देणं बरं, असा त्यांचा व्यवहारी हिशेब होता.

बैठकांमागून बैठका झाल्या. आवश्यक बहुमत मिळेना. अखेर २० जुलै १८८५ रोजी व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाली. तारीख पाहा. चषकाचा प्रस्ताव मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर १४ वर्षं पूर्ण झाली होती.

मान्यता विनाअट नव्हती. चषकात खेळायचं तर पगारी खेळाडूचा जन्म क्लबच्या सहा मैलांच्या परिसरात झालेला असावा किंवा तो दोन वर्षं तिथे राहिलेला असावा. पगारी खेळाडूला समितीवर बसता येणार नव्हतं. म्हणजे मैदान कामगारांसाठी खुलं झालं, पण कारभाराची खोली नाही. ऑलकॉक यांना क्रांतिकारक म्हणणं त्यामुळे जरा जास्त होईल. संघटना फुटू नये, हाही त्यांचा हेतू होताच. पण रग्बीने दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, याच प्रश्नावर ताठर भूमिका घेतली आणि तो खेळ दोन तुकड्यांत विभागला गेला. फुटबॉल एकसंध राहिला.

तीनच वर्षांत, १८८८ मध्ये, व्यावसायिक क्लबांची साखळी स्पर्धा ‘फुटबॉल लीग’ सुरू झाली. पहिल्याच हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले ते प्रेस्टन नॉर्थ एंडने. पाच वर्षांपूर्वी बाहेर काढलेला तोच क्लब!

क्रिकेटशी आणि मुंबईशी काय नातं?

क्रिकेटप्रेमींनी ऑलकॉक यांचं नाव आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं. इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना त्यांच्याच पुढाकाराने झाला. १८७९ मध्ये सिडनीत इंग्लंडच्या दौऱ्यात प्रेक्षक मैदानात घुसले होते आणि कर्णधार लॉर्ड हॅरिस यांना धक्काबुक्की झाली होती. त्यामुळे पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियन संघाशी मोठे सामने खेळायला कोणी फारसं उत्सुक नव्हतं. ऑलकॉक यांनी मध्यस्थी केली, लॉर्ड हॅरिस यांचं मन वळवलं आणि ६ ते ८ सप्टेंबर १८८० या काळात ओव्हलवर सामना झाला. डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी १५२ धावा केल्या. इंग्लंडने पाच गडी राखून विजय मिळवला.

हेच लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांच्याच नावाची ‘हॅरिस शील्ड’ मुंबईच्या शाळकरी मुलांमध्ये आजही खेळली जाते. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी १९८८ मध्ये आझाद मैदानावर ६६४ धावांची भागीदारी केली, ती याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात.

फुटबॉलमध्येही बाद पद्धतीचा साचा ब्रिटिशांबरोबर इथे आला. १८८८ मध्ये सिमल्यात ड्युरँड कप, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप आणि १८९३ मध्ये कोलकात्यात आयएफए शील्ड सुरू झाली. सुरुवातीला या स्पर्धांवर गोऱ्या पलटणींचं वर्चस्व होतं. इथेही तीच गोष्ट घडली. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. १९३७ मध्ये रोव्हर्स कप बेंगळुरूच्या ‘बँगलोर मुस्लिम्स’ संघाने पटकावला. १९७७ मध्ये देशभरातल्या क्लबांसाठी फेडरेशन कप आला आणि गोव्याच्या साळगावकर, डेम्पो, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी पुढे तो जिंकला. कूपरेजवर गर्दी खेचणारा रोव्हर्स कप मात्र २००१ नंतर बंद पडला.

ऑलकॉक यांची शेवटची वर्षं

प्रेक्षक इतके वाढले, की १८९२ च्या अंतिम सामन्याला ३२ हजारांहून अधिक लोक आले. पहिल्या अंतिम सामन्याच्या तुलनेत ही गर्दी सोळा पट होती. ओव्हलच्या क्रिकेट मैदानाला ती झेपेना. ऑलकॉक यांचं मैदान आणि ऑलकॉक यांचा चषक यांची तिथे ताटातूट झाली. सरेने मात्र याच दशकात काउंटी विजेतेपदांची रांग लावली. १८९० ते १८९९ या काळात सहा विजेतेपदं.

१८९५ मध्ये ऑलकॉक एफएच्या सचिवपदावरून पायउतार झाले. २५ वर्षं त्यांनी ते पद सांभाळलं होतं. त्याच वर्षी ११ सप्टेंबरच्या रात्री मूळ चषक बर्मिंगहॅममधल्या एका दुकानाच्या काचेआडून चोरीला गेला. विजेत्या अ‍ॅस्टन व्हिलाने तो तिथे प्रदर्शनासाठी ठेवला होता. तो पुन्हा मिळालाच नाही. क्लबला २५ पौंड दंड झाला आणि नवा चषक बनवावा लागला.

सरेचं सचिवपद ऑलकॉक यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. २६ फेब्रुवारी १९०७ रोजी ब्रायटनमध्ये त्यांचं निधन झालं. लंडनच्या वेस्ट नॉरवुड दफनभूमीत त्यांची कबर आहे.

आज या स्पर्धेत काय उरलंय?

पहिल्या वर्षी १५ क्लब होते, आता दर हंगामात ७०० हून अधिक क्लब उतरतात. गावातला हौशी संघ आणि युरोपचा विजेता एकाच स्पर्धेत नाव देऊ शकतात, ही रचना दीडशे वर्षांनंतरही कायम आहे.

पण एक गोष्ट बदलली. २०२४-२५ च्या हंगामापासून मुख्य स्पर्धेतले बरोबरीनंतरचे फेरसामने बंद झाले. आता त्याच दिवशी जादा वेळ आणि मग पेनल्टी शूटआऊट. बड्या क्लबांचं वेळापत्रक भरगच्च असल्याने हा निर्णय झाला. छोट्या क्लबांनी नाराजी व्यक्त केली, कारण मोठ्या मैदानावरच्या एका फेरसामन्याच्या तिकीटविक्रीतून त्यांचा वर्षभराचा खर्च निघायचा.

इतिहासाचा उलटा फेरा बघा. १८७२ मध्ये क्वीन्स पार्कला फेरसामना परवडत नव्हता म्हणून ते बाहेर गेले. आज छोट्या क्लबांना फेरसामना हवा आहे, पण मोठ्यांना त्यासाठी वेळ नाही. दोन्ही वेळा नियम ठरला तो ताकदवानांच्या सोयीने. १८८५ मध्ये मात्र सोय बाजूला ठेवून दार थोडं उघडलं गेलं होतं. ऑलकॉक यांच्या नावावर चषकाची कल्पना आहे, पहिलं विजेतेपद आहे आणि कसोटीही आहे. पण फुटबॉल आज ज्यांचा आहे त्यांचा व्हायला त्यांचा तो एक निर्णय जास्त कामी आला.